राज्ये जातात, राजा राहतो

(ख्रिस्तराजाच्या सणानिमित्त चिंतन. वाचने : यहेज्केल ३४:११-१२, १५-१७, १ करिंथ १५:२०-२६, २८, मत्तय २५:३१-४६)



उपासना वर्षाचा हा शेवटचा रविवार. पुढच्या रविवारी आगमनकाळाची पहिली मेणबत्ती लागेल आणि नवे वर्ष सुरू होईल. जुन्या वर्षाचा निरोप घेताना ख्रिस्तसभा आपल्याला ख्रिस्तराजाचा सण देते. संध्याकाळी पवित्र साक्रामेंताची मिरवणूक निघेल, मुले फुले उधळतील, आपण ख्रिस्तराजाचा जयजयकार करू. पण राजा म्हणजे काय हे या मुलांना समजावून सांगायचे म्हटले तर पंचाईत होते. त्यांनी राजा पाहिला आहे तो मालिकेत, नाहीतर पत्त्यांच्या डावात. खरे राजे गेले, त्यांची राज्येही गेली. मग लोकशाहीच्या या काळात आपण येशूला राजा का म्हणतो? आणि जगातल्या मोठमोठ्या सत्ता आज डळमळताना दिसत असताना हा सण आपल्याला काय शिकवतो? या दोन प्रश्नांवर आपण थोडे चिंतन करू या.

सण कधी सुरू झाला?

पुष्कळांना वाटते की हा सण फार प्राचीन असावा. तसे नाही. पोप पायस अकरावे यांनी ११ डिसेंबर १९२५ रोजी 'क्वास प्रिमास' हे परिपत्रक काढून तो सुरू केला. २०२५ मध्ये त्याला शंभर वर्षे पूर्ण झाली. तो काळ कसा होता? पहिले महायुद्ध संपून सातच वर्षे झाली होती. त्या युद्धाच्या धामधुमीत चार साम्राज्ये कोसळली होती. रशियाचा झार १९१७ साली गेला. जर्मनीचा कैसर आणि ऑस्ट्रिया-हंगेरीचा सम्राट १९१८ साली गेले. तुर्कस्तानच्या सुलतानाचे पद १९२२ साली रद्द झाले. शतकानुशतके ज्यांच्यापुढे माना झुकत होत्या ती सिंहासने पाच-सहा वर्षांत रिकामी झाली. माणसांना हायसे वाटायला हवे होते. पण रिकाम्या सिंहासनावर बसायला नवे दावेदार तयारच होते. १९२२ साली इटलीत मुसोलिनी सत्तेवर आला होता. माणसे जुन्या राजाला सोडून नव्या पुढाऱ्याची पूजा करू लागली होती.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. हा सण सुरू करणाऱ्या पोपमहोदयांजवळ त्या वेळी स्वतःचे राज्य नव्हते. हजाराहून अधिक वर्षे पोप मध्य इटलीतील मुलखावर राज्य करीत होते. २० सप्टेंबर १८७० रोजी इटलीच्या सैन्याने रोम घेतले आणि ते राज्य संपले. त्या वेळी अनेकांना वाटले, आता ख्रिस्तसभेचे काय होणार? झाले ते वेगळेच. १९२९ साली व्हॅटिकन नगरी म्हणून जेमतेम ४४ हेक्टर जागा उरली. आपल्याकडे एखाद्या मोठ्या शेतकऱ्याची शेती तेवढी असते. पण मुलूख आणि फौज नसलेल्या पोपमहोदयांचे म्हणणे जगाने अधिक ऐकले. म्हणजे ख्रिस्ताचे राज्य जमिनीवर आणि फौजेवर टिकून आहे असे ज्यांना वाटत होते, त्यांना देवाने इतिहासातूनच उत्तर दिले.

आपल्या मातीतील राज्ये

रोम आणि बर्लिन फार लांबचे झाले. आपण सावनेरला राहतो. आपल्या गावातून एक रस्ता छिंदवाड्याकडे जातो. त्याच दिशेला, आज मध्य प्रदेशात असलेल्या मुलखात, देवगडचा किल्ला आहे. तेथे गोंड राजांची राजधानी होती. आपले नागपूर शहर वसवले ते देवगडच्याच बख्त बुलंद शाह या गोंड राजाने, १७०२ साली, बारा खेडी एकत्र करून. पुढे गोंड घराण्यात वारसाचा वाद लागला. राणीने मदतीसाठी रघुजी भोसल्यांना बोलावले. मदतीला आलेले रघुजी १७४३ च्या सुमारास स्वतःच नागपूरचे धनी झाले. गोंड राजा नावापुरता राहिला.

रघुजींच्या फौजा पार बंगालपर्यंत गेल्या. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षे त्यांच्या स्वाऱ्या चालू होत्या. १७५१ साली बंगालच्या नवाबाने ओरिसावरचा ताबा सोडला आणि वर्षाला १२ लाख रुपये चौथाई कबूल केली. आपल्या भागाला या पराक्रमाचा अभिमान वाटतो आणि तो वाटणे साहजिक आहे. पण बंगालमध्ये त्याच घोडेस्वारांना 'बर्गी' म्हणत, आणि बंगाली आया बाळाला निजवताना जी अंगाई म्हणत आल्या तिच्यात या बर्गींची भीती आहे. एकाच स्वारीचा नागपुरात पोवाडा होतो आणि बंगालच्या पाळण्यापाशी तिची भीती उरते. सत्तेची पारख करायची असेल तर पाळण्यापाशी बसलेल्या त्या आईलाही विचारले पाहिजे.

त्या राज्याचे पुढे काय झाले? नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली आणि खरी सत्ता इंग्रजांच्या हाती गेली. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी वारस न ठेवता वारले. पुढच्याच वर्षी लॉर्ड डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. राजवाड्यातील हत्ती, घोडे, जडजवाहीर यांचा लिलाव झाला. लिलाव हा शब्द या कथेत पुन्हा एकदा येतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनमध्ये एक तलवार विक्रीला निघाली. ती पहिल्या रघुजींची होती. महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपयांना ती विकत घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोहोचली. आपल्या इतिहासाची वस्तू घरी आली याचा आनंद सर्वांना झाला. तरीही मनात विचार येतो. जिच्या धाकाने नवाब चौथाई भरत होता, तिला शेवटी किमतीची चिठ्ठी लागली.

आणि ज्या इंग्रजांनी हे राज्य घेतले त्यांचे तरी काय झाले? १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले. त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांच्या कापडगिरणीचे उद्घाटन झाले, म्हणून तिचे नाव 'एम्प्रेस मिल', सम्राज्ञीची गिरणी. सम्राज्ञीचे साम्राज्य नागपुरातून १९४७ साली गेले. गिरणी त्यानंतर पंचावन्न वर्षे टिकली. २००२ साली तिचाही भोंगा थांबला. तिच्या जागेवर आज एक मॉल उभा आहे आणि 'एम्प्रेस' हे नाव तेवढे राहिले आहे. आपल्यापैकी कितीतरी जण तेथे खरेदीला जातात. आपण एका साम्राज्याच्या आठवणीवरून सरकत्या जिन्याने वर जातो आणि आपल्याला त्याची जाणीवही नसते.

सुमारे अडीचशे वर्षांत गोंड, भोसले आणि इंग्रज अशा तीन सत्ता याच मातीवर आल्या आणि गेल्या. प्रत्येकीला वाटले होते की आपण कायमच्या आहोत. मात्र एक गोष्ट राहिली. नागपुरी संत्र्याची कलमे भोसल्यांच्या काळात इकडे आली असे सांगतात. राज्य गेले, झाड राहिले. माणसाच्या तोंडात घास घालणारी गोष्ट टिकली.

न्यायाच्या दिवशी विचारला जाणारा प्रश्न

आता आजच्या शुभवर्तमानाकडे वळू या. मनुष्याचा पुत्र वैभवाने येतो, सिंहासनावर बसतो आणि त्याच्यासमोर सर्व राष्ट्रे जमवली जातात. 'राष्ट्रे' या शब्दाकडे लक्ष द्या. आपण हा उतारा नेहमी एकेका माणसाला लावतो, आणि ते बरोबरच आहे. पण मत्तय राष्ट्रांबद्दलही बोलतो. बाबेल, रोम, नागपूर, लंडन, वॉशिंग्टन, मॉस्को, बीजिंग, दिल्ली या सर्वांना तेथे उभे राहायचे आहे. तेथे तोफा किती होत्या, मुलूख किती जिंकला, पैसा किती साठवला याची चौकशी होत नाही. भुकेल्याला खायला दिले का? तहानलेल्याला पाणी दिले का? परक्याला घरात घेतले का? उघड्याला वस्त्र दिले का? आजाऱ्याकडे आणि तुरुंगात असलेल्याकडे गेलात का? सारा हिशोब एवढाच. आणि राजा त्या लहानांतल्या लहानाच्या जागी स्वतः उभा असतो.

या प्रश्नपत्रिकेवर व्हिक्टोरियाच्या साम्राज्याला काय गुण मिळतील? ज्या महिन्यात दिल्लीत सम्राज्ञीपदाचा दरबार भरला, त्याच महिन्यात मद्रास, म्हैसूर आणि मुंबई इलाख्याच्या मुलखात १८७६-७८ चा भीषण दुष्काळ चालू होता. लाखो माणसे मेली आणि त्याच काळात हिंदुस्थानातले धान्य जहाजांत भरून बाहेर जात होते. वीस वर्षांनी, १८९७ च्या जूनमध्ये, राणीच्या राज्याचा हीरक महोत्सव साजरा झाला. त्या वर्षी दुष्काळ आपल्या मध्य प्रांतात होता. पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ आला. १८९१ च्या मानाने १९०१ च्या शिरगणतीत मध्य प्रांताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नाही असे म्हणत, त्यात सूर्य भरपूर होता, भाकर नव्हती. म्हणून आम्ही म्हणतो की साम्राज्याचा ऱ्हास शेवटच्या लढाईत सुरू होत नाही. तो भुकेल्याकडे पाठ फिरवली त्या दिवशी सुरू होतो. लढाई त्याची फक्त घोषणा करते.

यहेज्केल संदेष्ट्याच्या काळीही हेच घडले होते. आजच्या पहिल्या वाचनात देव स्वतः मेंढपाळ होतो. का होतो? कारण त्या अध्यायाच्या आरंभी राजे आणि पुढारी यांच्यावर आरोप आहे. त्यांनी कळपाला चारले नाही, कळपालाच खाल्ले. म्हणून त्यांच्याकडून कळप काढून घेतला गेला.

संत ऑगस्टीन आणि रोमचा पाडाव

ज्याला सारे जग शाश्वत नगर म्हणत होते ते रोम शहर इसवी सन ४१० मध्ये अलारिक नावाच्या गॉथ सरदाराने लुटले. घाबरलेली माणसे समुद्र ओलांडून उत्तर आफ्रिकेत आली. तेथे हिप्पो या गावी ऑगस्टीन महागुरू होते. काही जण म्हणू लागले, रोमने जुने देव सोडले आणि ख्रिस्त धरला, म्हणून हे संकट आले. दुसरीकडे ख्रिस्ती माणसेही गोंधळली. त्यांना वाटत होते की आता सम्राट ख्रिस्ती झाला आहे, म्हणजे देवाचे राज्य आणि रोमचे राज्य एकच.

ऑगस्टीन यांनी ४१३ साली 'ईश्वराचे नगर' हा ग्रंथ लिहायला घेतला. तो पुरा व्हायला ४२६ साल उजाडले. त्यांचे सांगणे आम्ही आमच्या शब्दांत मांडतो. जगात दोन नगरे आहेत. एक नगर स्वतःवरच्या प्रेमावर उभे आहे, इतके की त्यात देवाचाही विसर पडतो. दुसरे देवावरच्या प्रेमावर उभे आहे, इतके की त्यात स्वतःचाही विसर पडतो. ही दोन्ही नगरे नकाशावर वेगवेगळी दाखवता येत नाहीत. ती एकाच देशात, एकाच गल्लीत, एकाच माणसाच्या हृदयात मिसळलेली असतात. आणि ज्या राज्यात न्याय नाही ते राज्य म्हणजे दरोडेखोरांची मोठी टोळीच. त्यांनी एक गोष्ट सांगितली आहे. शिकंदर बादशहाने एका समुद्री चाच्याला पकडले आणि समुद्रात लूटमार का करतोस असे दरडावले. चाचा म्हणाला, माझे जहाज एक आहे म्हणून मला लुटारू म्हणतात, तुमचे आरमार आहे म्हणून तुम्हाला सम्राट म्हणतात.

ऑगस्टीन ४३० साली वारले तेव्हा व्हँडलांच्या फौजेने त्यांच्याच गावाला वेढा घातला होता. रोमी सत्ता डोळ्यांसमोर मोडत होती आणि ते लोकांना प्रार्थना करायला शिकवत होते. २०२५ मध्ये निवडून आलेले पोप लिओ चौदावे याच संत ऑगस्टीनच्या संघातले आहेत. ते जन्माने अमेरिकेचे, म्हणजे आजच्या सर्वांत बलाढ्य देशाचे. पण निवड झाल्यावर त्यांनी जगाला पहिले अभिवादन केले ते पुनरुत्थित प्रभूच्या शांतीचे.

झेंडा उतरला तेव्हा वसईत काय झाले?

आपल्याला कधी कधी ऐकावे लागते, 'तुमचा धर्म साहेबाबरोबर आला. साहेब गेला, आता तुम्ही कोणाच्या जिवावर?' कोणी चिडून बोलतो, कोणी सहज बोलतो. आपल्या तरुण मुलांना ते लागते. याचे उत्तर रागाने देऊ नये, इतिहासाने द्यावे.

आपल्या महाराष्ट्रातील वसईचे उदाहरण घ्या. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. दोनशे वर्षे तेथे त्यांचे राज्य होते. किल्ल्यात मठ होते, मोठमोठी चर्चेस होती. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. ज्यांना जाता येत होते ते गोव्याकडे गेले. चर्चच्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या. त्यांतली एक आजही नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरात आहे, एक वाईजवळ मेणवलीला आहे. ख्रिस्ती राजा गेला, घंटाही गेल्या. पण शेतकरी राहिले, कोळी राहिले, घराघरांतली संध्याकाळची प्रार्थना राहिली. त्यांच्यावर कोणत्याही परदेशी झेंड्याची सावली नव्हती. तरी श्रद्धा टिकली. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. २०२० साली वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पोर्तुगालच्या राजाला हे कधी साधले नसते. ते मराठी भाषेवरच्या प्रेमाने साधले. आणि इतिहासाची गंमत अशी की ज्या वसईत मराठ्यांचा मोठा विजय झाला, त्याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह करून आपले स्वातंत्र्य गहाण टाकले. विजयाच्या आणि शरणागतीच्या मध्ये फक्त त्रेसष्ट वर्षे होती.

साहेबांबद्दलही खरे सांगितले पाहिजे. ईस्ट इंडिया कंपनीला व्यापार प्रिय होता. १८१३ पर्यंत तिने आपल्या मुलखात मिशनऱ्यांना मोकळीक दिली नव्हती. आणि ख्रिस्तसभेने जेथे जेथे सत्तेची काठी हातात घेतली, तेथे तेथे शुभवर्तमानाला जखम झाली, हेही तितकेच खरे. १६१६ साली गोव्यातील राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. जन्माने इंग्रज असलेल्या या धर्मगुरूंनी आपली मराठी शिकून, ओव्या रचून येशूची कथा सांगितली. १६८४ साली त्याच गोव्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांची कोंकणी बोली बंद करण्याचा हुकूम काढला. साम्राज्य १९६१ च्या डिसेंबरमध्ये गोव्यातून गेले. १९८७ साली कोंकणी गोव्याची राजभाषा झाली. हुकूम विसरला गेला, 'ख्रिस्तपुराण' अजून वाचले जाते.

आजचे जग आणि आपले गाव

आपण पुन्हा अशाच एका वळणावर उभे आहोत. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला तेव्हा वाटले, आता एकच महासत्ता आणि तिचेच जग. तीस वर्षांनी, १५ ऑगस्ट २०२१ रोजी, काबूल तालिबानच्या हाती गेले आणि विमानतळावर पळणाऱ्या माणसांची चित्रे सर्वांनी पाहिली. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर स्वारी केली. तेथे डॉक्टरकी शिकणारी आपल्या देशाची हजारो मुले जीव मुठीत धरून परतली. ऑक्टोबर २०२३ पासून पवित्र भूमीत किती रक्त सांडले ते आपण जाणतो. चीनची ताकद वाढली आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारताच्या बहुतेक मालावर ५० टक्के जकात बसवली. जगाची तराजू हलते आहे.

याचा सावनेरशी काय संबंध? आपल्या बागाईतदाराला विचारा. बांगलादेश हे नागपुरी संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक. त्या देशाने २०१९ नंतर आयातशुल्क वाढवत नेले आणि इकडे काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेरच्या बागांतला भाव पडला. कापूस पिकवणाऱ्याला विचारा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरचे ११ टक्के शुल्क वर्षअखेरपर्यंत काढले आणि वेचणीच्या तोंडावर त्याच्या पोटात गोळा आला. मोठ्यांच्या पंजा लढवण्यात टेबल आपले हलते. म्हणून जगाच्या राजकारणाशी आपल्याला काही देणेघेणे नाही असे म्हणता येत नाही.

पण अशा वेळी दोन मोह होतात. पहिला मोह म्हणजे नवा सम्राट निवडून त्याच्या नावाने टाळ्या पिटणे. मोबाइलवर एक जण रशियाचा, दुसरा अमेरिकेचा, तिसरा आणखी कोणाचा. क्षेपणास्त्रे मोजली जातात, क्रिकेटच्या धावांसारखी. खाली कोण मेले हे कोणी विचारत नाही. आजच्या शुभवर्तमानात मात्र राजा नेमका त्या खाली पडलेल्याच्या बाजूला आहे.

दुसरा मोह अधिक सूक्ष्म आहे आणि तो आपल्यासारख्या लहान समाजाला होतो. कोठेतरी दूर एक बलवान देश आहे, तो आपल्या बाजूने बोलेल, आपल्याला सांभाळेल, अशी आशा. बंधुभगिनींनो, ही आशा सोडून द्या. परक्या सत्तेच्या छत्रीखाली उभा राहणारा समाज ती छत्री मिटताच भिजतो आणि शेजाऱ्याच्या मनातूनही उतरतो. आपल्या देशाची राज्यघटना लिहिली जात होती तेव्हा ख्रिस्ती प्रतिनिधींनी कोणती वाट धरली ते पाहा. घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी ख्रिस्ती होते. जेरोम डिसोझा हे येशूसंघीय धर्मगुरू सभासद होते. ख्रिस्ती प्रतिनिधींनी विधिमंडळातल्या राखीव जागांचा आग्रह सोडला आणि देशबांधवांच्या सद्बुद्धीवर विश्वास टाकला. घटनेने सर्व नागरिकांना धर्मस्वातंत्र्य दिले. तो विश्वास कधी कसोटीला लागतो, मन खट्टू होते, हे आम्ही नाकारत नाही. आपला हक्क कायद्याने आणि शांतपणे मागावा, तो मागण्यात लाज नाही. पण आपले खरे संरक्षण कोण करतो? ज्या शेजाऱ्याच्या आजारपणात आपण रात्र जागवली, तो शेजारी.

मग आपण काय करावे?

पहिली गोष्ट, राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करा. पौलाने तिमथ्याला हेच सांगितले, आणि तेव्हा सम्राट ख्रिस्ती नव्हता. प्रार्थना सर्वांसाठी करावी, पूजा मात्र कोणाचीच करू नये. प्रार्थनेत आपण राज्यकर्त्याचे नाव देवापुढे ठेवतो, त्यामुळे तो देव नाही हेही आपल्या लक्षात राहते.

दुसरी गोष्ट, आपल्या घरातले साम्राज्य तपासा. साम्राज्य फक्त लंडनला नसते. घरात ज्याच्या आवाजाने सर्व गप्प होतात, खाणीत ज्याच्या हाती हजेरी असते, शेतात जो मजुरी ठरवतो, चर्चमध्ये जो माइक धरतो, त्या प्रत्येकाजवळ लहानसे राज्य आहे. धर्मगुरूची खुर्चीही त्यात आली. त्या राज्यात सर्वांत लहान कोण, आणि त्याला आपल्याकडून काय मिळते, हा प्रश्न आजच्या मिस्सेनंतर प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

तिसरी गोष्ट या आठवड्यासाठी आहे. सध्या आंबिया बहराची तोडणी आणि कापसाची वेचणी चालू आहे. पहाटे गाडीत दाटीवाटीने उभ्या राहून बाया वेचणीला जातात. कोणी सीमेपलीकडून, छिंदवाड्याच्या बाजूने येतात, बरोबर तान्ही मुले असतात. शुभवर्तमानातली परकी, तहानलेली, उघडी माणसे ती हीच. ज्यांची शेती आहे त्यांनी मजुरी ठरलेल्या दिवशी आणि पूर्ण द्यावी, बांधावर प्यायला स्वच्छ पाणी ठेवावे. ज्यांची शेती नाही त्यांनी लेकरांचे गरम कपडे चांगले असतील तेवढेच, धुऊन, पुढच्या रविवारी चर्चमध्ये आणावेत. थंडी वाढायच्या आत ते आपण पोहोचवू. राष्ट्रांच्या न्यायाच्या दिवशी आपल्या धर्मग्रामाच्या नावापुढे एवढे तरी लिहिलेले असू द्या.

शेवटी पौलाचे म्हणणे ध्यानात ठेवू या. तो दुसऱ्या वाचनात करिंथकरांना सांगतो की शेवटी ख्रिस्त प्रत्येक सत्ता आणि प्रत्येक अधिकार नाहीसा करील, शेवटचा शत्रू मरण तेही नाहीसे होईल, आणि मग तो राज्य पित्याच्या हाती देईल. विचार करा. सर्व सम्राट राज्य मिळवण्यासाठी झगडले, राखण्यासाठी मारले, सोडताना रडले. हा एकच राजा आहे जो राज्य मिळाल्यावर ते देऊन टाकतो. म्हणून त्याचे राज्य कोणी हिसकावू शकत नाही. संध्याकाळी मिरवणुकीत आपण त्याला सावनेरच्या रस्त्यावरून नेऊ. त्याच्यापुढे तलवार नसेल, तोफ नसेल. भाकरीच्या रूपात तो जाईल, कारण भुकेल्यांचा राजा दुसऱ्या कोणत्या रूपात येणार?

प्रार्थना करू या : हे प्रभू येशू, राजांच्या राजा, सत्ता बदलतात तेव्हा आमचे मन घाबरू देऊ नकोस. बलवानांच्या जयघोषात आमचा आवाज हरवू देऊ नकोस. जगावर राज्य करणाऱ्यांना न्यायाची बुद्धी दे, युद्धात होरपळणाऱ्यांना शांती दे, आमच्या शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या घामाला दाम दे. आणि तू भुकेला होऊन आमच्या दारी येशील तेव्हा तुला ओळखण्याची दृष्टी आम्हाला दे. आमेन.

आपला ख्रिस्तात,
धर्मगुरू